बिनखिडकीचं मुखपृष्ठ

संपादकांच्या वास्तुकलेच्या मासिकाचा नियम एकच: इमारत छापायची ती तिथं राहणाऱ्याच्या तक्रारीसकट. त्यापायी निम्मे आर्किटेक्ट त्यांच्याशी बोलत नसत. उरलेले शिव्या देण्यापुरते बोलत. या खेपेला मात्र त्यांनी हौसेनं मुखपृष्ठावर घेतलं ते स्वतःच बांधलेलं राहतं घर.

"मग तक्रार मी लिहिते," बायको म्हणाली.

"अगं, घरातलं घरात राहू दे की!"

"का? नियम काय फक्त लोकांच्या घरांना?"

तिनं लिहिलं, 'स्वयंपाकघराला खिडकी नाही. म्हणे भिंतीची शोभा जाते. इतकी वर्षं धूर मी खाते आणि भाव हे खातात.'

संपादकांनी ते वाचलं आणि एक अक्षरही न कापता छापायला धाडलं. मग हळूच गवंड्याला फोन लावला, "अंक बाहेर पडायच्या आत भिंतीत एक खिडकी पाडून द्याल का हो?"