न उचललेला भंडारा

कडूबाच्या खोलीत चोरी होत होती, हे कडूबाला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. डोळे काही फुटले नव्हते त्याचे. खोबरेल तेलाची बाटली बघता बघता तळाला जायची, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर तर केसच उरले नव्हते. शेंगदाण्याची चटणी निम्मी व्हायची. करडा स्वेटर दोरीवरून गेला तो गेलाच. खोलीत माणसं दोन, एक कडूबा आणि दुसरा राधेश्याम. मंग चोर कोण, हे काय ज्योतिषाला विचारायचं होतं? पण कडूबा गप्प राहिला. घेतलं असंल बिचाऱ्यानं, पोरगी लहान हाय घरी, असं म्हणून तो नवी बाटली आणायचा आणि हाताला लागेल अशी खिडकीतच ठेवायचा.

अंकुशनगरला साखर कारखान्यात तो हंगामी कामगार होता. गोदामात पोत्यांची तोंडं शिवायची, हे त्याचं काम. हंगाम सुरू झाला की कामगारांच्या चाळीत खोली मिळायची, हंगाम संपला की गावाकडे भावाच्या घरी जायचं. बायको, तुळजाबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भावाच्या पडवीत त्याच्या नावाची एक खाट होती आणि त्या खाटेवर वर्षातले बहुतेक दिवस सोयाबीनची पोती असायची. भाऊ वाईट नव्हता, भावजय वाईट नव्हती. वेळेवर ताट यायचं. त्या ताटाबरोबर कुणी दोन शब्द बोलत बसायचं नाही, एवढंच.

राधेश्याम मंठ्याकडचा. तिशीच्या आतला, गव्हाणीवर, म्हणजे ऊस जिथं पट्ट्यावर पडतो तिथं, कामाला. दिवाळीनंतर त्याला कडूबाच्या खोलीत जागा मिळाली. आणि त्याच्याबरोबर खोलीत आला तो त्याचा फोन. रोज दिवेलागणीला त्या फोनवर त्याची ईश्वरी दिसायची, नाक वाहणारी, बोबडी, हट्टी. तिला बाप नको असायचा, आबा पाहिजे असायचा. "आबा, बकरी करा," म्हणायची. मंग काय, उभ्या चाळीला ऐकू जाईल असा कडूबा बें बें करायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, पण लाज बिलकुल नाही. दिवसभर गोदामातल्या धुळीत त्याला एकच ओढ असायची, संध्याकाळ कधी होते याची. खरं सांगायचं तर तेल, चटणी, स्वेटर हे सगळं त्याला त्या बकरीपुढं स्वस्तच वाटत होतं.

पण एका रविवारी त्यानं ट्रंक उघडली आणि तुळजाबाईचे चांदीचे तोडे जागेवर नव्हते. चोळीच्या ज्या खणात ते गुंडाळलेले असायचे, तो खण होता. चोरानं त्याची घडी नीट घालून ठेवली होती आणि त्या घडीचंच कडूबाला जास्त लागलं. तुळजाबाईच्या पायातून ते त्यानं स्वतःच्या हातानं काढले होते, शेवटच्या दिवशी. तिचं म्हणून त्याच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी राधेश्याम फोन घेऊन बाहेर लिंबाखाली गेला. ईश्वरी आबा आबा करत होती, ते खोलीत ऐकू येत होतं. राधेश्यामनं काही फोन आत आणला नाही. कडूबाला दुसरा पुरावा नको होता.

मन मोकळं करावं म्हणून तो शेजारच्या खोलीतल्या सोमेश्वरला बोलला, आणि तिथंच फसला. सोमेश्वरच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, गोष्ट काय ठरणार. चहाची वेळ होईस्तोवर चाळभर झालं. एक म्हणे पोलिसात जा. दुसरा म्हणे हापिसात सांगून खोलीतून हाकलून दे. तिसरा तर त्याची पिशवी फाडायलाच निघाला होता. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? पोलीस आले असते तर तोडे आले असते की नाही कुणास ठाऊक, पण राधेश्यामचं काम गेलं असतं आणि त्याच्याबरोबर ईश्वरीही गेली असती. कडूबाला तोडे पाहिजे होते आणि पोरगीही पाहिजे होती. यातलं एकही सोडायची त्याची तयारी नव्हती.

म्हणून त्यानं आपल्या गावातली रीत काढली. भंडारा उचलायला लावू, म्हणाला. खंडोबापुढं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची, ती खोटी निघाली की देव बघून घेतो. कडूबाला वाटलं, नुसतं नाव काढलं तरी राधेश्याम गार पडंल. तोडे गुपचूप ट्रंकेत आणून ठेवील. मंग कुणी कुणाला काही बोलायचं नाही, आणि संध्याकाळी पुन्हा बकरी. त्यानं मुद्दाम दोन दिवस मध्ये जाऊ दिले. रोज कामावरून आल्याबरोबर ट्रंक उघडून बघितली. तोडे काही आले नाहीत.

मंग सोमेश्वरच्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर खंडोबाचा फोटो, खाली ताटलीत बेल आणि भंडारा. कडूबाची अपेक्षा होती की शपथ आपणच घालू, जरा सौम्य घालू. पण सोमेश्वरला कारभारीपणाची हौस.

"उचल," तो म्हणाला. "आन म्हण, तोडे म्या घेतले असतील तर त्याचं पाप माझ्या लेकरावर जाईल."

लेकराचं कडूबाच्या ध्यानातच नव्हतं आलं. राधेश्यामचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. उचलावा तर पोरीवर, न उचलावा तर सगळ्यांसमोर चोर. त्यानं एकदा दाराकडे बघितलं, दारात माणसं होती. आणि त्याचा हात पुढं सरकला. अरे नालायका, तू उचलणार? कडूबाला असा संताप आला की उठून दोन ठेवून द्याव्यात. पण तो उठला आणि त्यानं ताटलीवर स्वतःचा पंजा ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "तोडे सापडले. ट्रंकेतच व्हते, धोतरात गुंडाळलेले. म्हातारा झालो, ध्यानात राहत न्हाई."

देवापुढं तो धडधडीत खोटं बोलला. भीती त्यालाही वाटली. पण त्याचं खोटं जाऊन पडायला मागं लेकरू कुठं होतं?

मंग जे व्हायचं ते झालं. लेकुरवाळ्या माणसावर आळ घेतला म्हणून सगळी चाळ कडूबावर उलटली. सोमेश्वरनं तर तिथल्या तिथं जाहीर केलं की राधेश्याम आजपासून माझ्या खोलीत राहील, असल्या संशयी माणसाजवळ नको. राधेश्याम सामान बांधायला आला तेव्हा खोलीत दोघंच होते. त्यानं पिशवी भरली, चादर घेतली आणि दाराशी पाठमोरा उभा राहिला.

"मामा, तुमाला ठाऊक हाय ना?"

"राहा की इथंच," कडूबा म्हणाला. "मी कुणाला काय सांगून राह्यलो का?"

"तेच तर," राधेश्याम म्हणाला. "रोज तुमच्या तोंडाकडं कसं बघू?"

आणि तो गेला. तोडे गेले ते गेलेच, त्यांचं काय झालं हे कडूबानं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. रिकाम्या जागेवर दुसरं कुणी राहायला आलं नाही. गोदामात माणसं कामापुरतं बोलायची. आपण बरोबर केलं की चूक, याचा त्यानं फार विचार केला नाही. संध्याकाळी मात्र त्याला सुधरायचं नाही. हात धुऊन, तोंड पुसून तो उगाच बसून राहायचा.

एकदा दिवेलागणीला तो भाकरी करायला बसला होता. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत कसली, पत्राच होता. पलीकडे फोन वाजला, आणि ईश्वरीचा आवाज आला.

"आबा कुठंयत?"

राधेश्यामनं आवाज खाली आणला.

"आबा गावाला गेले, बेटा."

कडूबाचा हात पिठावर होता तिथंच थांबला. थापायचा आवाज पलीकडे गेला असता. पोरगी बकरीसाठी रडली, मंग गप्प झाली, मंग आईला काहीतरी सांगत बसली. चूल भगभगत होती, तवा तापून लाल झाला होता. फोन बंद होईपर्यंत कडूबानं भाकरी थापली नाही.