चूक दिसली की बोलायचं

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. रविवारी सकाळी त्याच चार माणसांत बसत राहिलं, की आपोआप साठतात. शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात आमचा कोडी सोडवायचा ग्रुप जमतो. कारखान्यातून रिटायर झालेले गायकवाड काका, गणिताच्या माजी शिक्षिका कुलकर्णी मॅडम, आयटीतला निखिल आणि मी. नियम एकच: चूक दिसली की लगेच सांगायची. समोर कोण आहे ते बघायचं नाही.

पहिल्याच रविवारी मला काकांची चूक दिसली. मी इतकी घाबरून उभी राहिले की खुर्ची धाडकन पडली, आणि त्या आवाजाने मीच किंचाळले!

काका शांतपणे म्हणाले, "अहो, उभं कशाला राहायचं? अपमान बसूनही करता येतो."

मग ते लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार न्यायचं कोडं. निखिल वैतागला. "पण मुळात त्या माणसाने लांडगा घेतलाच कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "तू इतक्या लांब वाघोलीत फ्लॅट का घेतलास, असं विचारलं का कुणी?"

काकू गेल्या, तेव्हा पेपरात द्यायचा मजकूर काकांनी आम्हाला दाखवला. आम्ही सगळे रडत होतो. मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वय एका वर्षाने कमी पडलंय."

काका म्हणाले, "ती आयुष्यभर तेवढंच सांगायची. राहू दे."

गेल्या महिन्यात काकांच्या मुलाचा, रोहितचा, आम्हा तिघांनाही फोन आला. काकांच्या डोकेदुखीसाठी स्कॅन केला होता. "बाबांच्या मेंदूत गाठ आहे. त्यांना मायग्रेन सांगितलंय. प्लीज, कुणी काही बोलू नका." तो आठवडा मला धड झोप लागली नाही. फोन नुसता व्हायब्रेट झाला तरी दचकायचे.

त्या रविवारी काकांनी फळ्यावर तीन खोकी काढली. लेबलं आंबे, चिकू आणि दोन्ही. तिन्ही लेबलं चुकीची. एकाच खोक्यातून एकच फळ काढायचं आणि तिन्ही खोकी ओळखायची. हात घालायचा तो 'दोन्ही'च्या खोक्यात, हे आमच्या ग्रुपला झोपेतही येतं.

काकांनी 'आंबे'च्या खोक्यावर बाण काढला. "इथून फळ काढलं, की झालं!"

निखिलने मोबाईल काढला. मॅडम चष्मा पुसत बसल्या. मी वहीत बघत राहिले.

काकांनी खडू खाली ठेवला.

"मी मुद्दाम चुकलो. आणि तुम्ही तिघंही गप्प! म्हणजे माझ्याबद्दल तुम्हाला काहीतरी माहीत आहे, जे मला माहीत नाही. रोहितचा फोन आला होता ना?"

माझ्या हातातलं पेन पडलं.

"हं. उत्तर मिळालं," काका म्हणाले. "डोक्यात गाठ आहे?"

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

"बरं. पण म्हणून इथे सूट नको मला. अजून काही चुकलं असेल तर सांगा."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मला रडू आवरत नव्हतं, तरी मीच बोलले.

"काका... फळ्यावर वर तुम्ही वार लिहिलाय ना. शनिवार लिहिलंय. आज रविवार आहे."

काकांनी वळून फळ्याकडे बघितलं.

"ही चूक मी मुद्दाम केली नव्हती," ते म्हणाले.