पॅसेजमध्ये झिजलेला फोर्क

माझ्या साडूंची सायकल डोंगरावरची आहे, असं तिच्या दांड्यावर छापलेलं आहे. डोंगरानं मात्र तिचं तोंड पाहिलेलं नाही. साठी जवळ आल्यावर साडूंनी ती घेतली, घराच्या पॅसेजमध्ये उभी केली आणि "पुढच्या रविवारी काढू" म्हणाले. तो रविवार अजून यायचाय.

साडू कवळ्या करतात. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आणि सगळीकडे पांढरी धूळ. माणूस भेटला की ते आधी त्याच्या तोंडात बघतात, मग चेहऱ्याकडे. माझं लग्न ठरलं तेव्हा मला पाहून "अक्कलदाढ अजून आलेली दिसत नाही" एवढंच बोलले होते. मी ते विसरलेलो नाही.

त्यांच्या पॅसेजमध्ये सायकल उभी असली की माणसाला अंग चोरूनच जावं लागतं. जाताना हँडलवर भार टाकायचा. फोर्क खाली दबायचा, "हुस्स" करायचा आणि पुन्हा वर यायचा. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन जाड दांडे, आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की त्यानं दबायचं असतं. पॅसेजमध्ये खड्डे नव्हते, पण गिऱ्हाइकं होती. दात गमावलेली, घाबरलेली माणसं आपली पाळी येईपर्यंत हँडल दाबत उभी राहायची. माझ्या बायकोची ताई, म्हणजे साडूंची बायको, नवऱ्यावर चिडली की बोलायची नाही. येता-जाता हँडल दाबायची. फार दाबायची.

एक दिवस फोर्क दबला तो दबलाच. फरशीवर तेलाचा डाग पडला. सायकलवाल्यानं फोर्क उघडून पाहिला आणि डोळेच विस्फारले.

"काका, कुठल्या डोंगरावर नेता हो हिला? शर्यतवाल्यांचेसुद्धा इतके झिजत नाहीत. आणि ही पांढरी धूळ कसली?"

"चुनखडीचा डोंगर आहे," साडू म्हणाले.

"सील बदलून तेल भरतो, चालेल थोडे दिवस. पण या धुळीनं आतल्या नळ्याच खरवडल्यात. पुन्हा गळणार. माझं ऐका, बदलाच."

दुरुस्त की नवी, हा प्रश्न साडूंना गिऱ्हाइकं रोज विचारतात आणि ते चुटकीसरशी निकाल देतात. इथे मात्र त्यांची झोप उडाली. कारण त्यांची मुलगी.

तिनं आपलं आपण लग्न जमवलं होतं. मुलगा गुणी, पण त्याचे वडील सायकलवर डोंगर चढणारे. पहिल्या भेटीत साडूंनी त्यांच्या टणक पोटऱ्या पाहिल्या आणि तोंडातून निघून गेलं, "मीसुद्धा दर रविवारी जातो." होणारे व्याही तोंडावर हात ठेवून हसले. "मग एकदा येतोच," म्हणाले. त्या हाताआड आपली टर उडवली गेली, असं साडूंच्या मनानं घेतलं. आणि आता ते येत्या रविवारी येणार होते.

"फोर्क तसाच ठेवला तर पहिल्याच उतारावर मी तोंडघशी पडणार," साडू मला म्हणाले. "आणि बदलला तर पुरावा गेला! अख्ख्या सायकलीत झिजलेली वस्तू तेवढी एकच आहे. टायरवरचे रबराचे केससुद्धा अजून तसेच आहेत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी वैतागून म्हटलं, "अहो, खरं सांगून टाका ना."

"आणि लग्न मोडलं तर? खोटारड्याची मुलगी कोण घरात घेईल?" मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची दया आली.

दया टिकली शनिवारपर्यंत. शनिवारी गेलो, तर हे गृहस्थ कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या मशीनवर टायर घासत बसलेले. शेजारी प्लास्टरमध्ये चहापत्ती कालवून चिखल तयार. तो त्यांनी सायकलभर हौसेनं थापला. खरा चिखल वाळून गळून पडतो. प्लास्टर कुठलं पडतंय! पेडल जागच्या जागी गच्च झालं.

रविवारी व्याही आले. पॅसेजमधून येताना त्यांनी हँडलवर हात टेकला. दबलेला फोर्क हललाच नाही. त्यांनी चिखलावर बोट वाजवलं. टक. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहिला आणि साडू पुढे झाले.

"हा डोंगरावर नाही झिजला, व्याहीबुवा. इथेच झिजला, या पॅसेजमध्ये. मी सायकलवर बसून घराचा उंबरठासुद्धा ओलांडलेला नाही. खोटं माझं आहे. पोरीचा यात काही दोष नाही."

त्यांनी मान खाली घातली. व्याह्यांनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि त्यांना हसू फुटलं. सायकल कलंडत होती, दोन्ही हात हँडलवर अडकलेले, तोंडावर ठेवायला हात उरला नाही. त्यांची वरची कवळी सटकली आणि सीटवर पडली.

कुणी हसलं नाही. साडूंनी ती उचलली, उजेडात धरली. जन्मभर माणसाचं तोंड आधी पाहणारा माणूस, आणि नेमक्या याच माणसाच्या पोटऱ्या बघत बसला होता!

"कुणी केली ही?" ते कडाडले. "हिरडीवर बसतच नाही!"

व्याही सायकल भिंतीला टेकवून तोंडावर हात धरून पुटपुटले, "म्हणूनच चारचौघांत हसत नाही मी. दुरुस्त होईल का?"

"नाही. नवी." निकाल क्षणात लागला.

"आणि फोर्क?" मी विचारलं.

"तोही नवा. पुढच्या रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत."

व्याह्यांना त्यांनी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. काहीतरी बोलायला जाताना व्याह्यांचा हात पुन्हा तोंडाकडे गेला. साडूंनी तो हलकेच धरून खाली घेतला.

"माझ्यासमोर नको," ते म्हणाले.