नाना गाडीतून उतरत नाय

माझ्या हातात वरनभाताची वाटी, मांडीवर पोरगी, आनि आम्ही बसलेलो ती आमची अंगनात उभी असलेली गाडी अचानक चालायला लागली. आता आमच्या घरात गाडी चालवनारा कोनीच नव्हता, म्हनून मला आधी वाटलं ब्रेक सुटला, आता आपन तिघं थेट खाली वहाळाच्या पान्यात. मी अशी ओरडली की भात सगळा पोरीच्या डोक्यावर. मग बघितलं तर स्टेअरिंगवर एक अनोळखी मानूस बसलेला, बाहेर मोटारसायकलवर त्याचा दुसरा जोडीदार, आनि स्टेअरिंगवाला बोलतोय, "उतरा ताई, उतरा काका, गाडीवर फायनान्सचं कर्ज हाय, हप्ते थकलेत, गाडी जप्त!" जप्त हा शब्द मी टीव्हीवरच ऐकलेला. आनि आमचे नाना, पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेले, त्या मानसाला शांतपने विचारत होते, "तुमचं गाव कंचं?"

पोलादपूरपासून महाडापर्यंत आमच्या नानांचा नातेवाईक नाय असा मानूस अजून जन्माला यायचाय. नाना म्हंजे माझे चुलतसासरे. मिस्टर मुंबईला एका शेटची गाडी चालवतात, सासूसासरे नायत, म्हनून उमरठच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत घरात मी, माझी दीड वर्षाची पोरगी आनि नाना. समोर कोनीही येऊ दे, नाना पहिलं गाव विचारनार, मग आईचं माहेर, मग मामाचं गाव, आनि तिसऱ्या प्रश्नाला तो मानूस नात्यात निघालाच म्हनून समजा. मागच्या साली आमचे फनस चोरताना एकाला वाडीतल्या पोरांनी पकडून आनला. नानांनी त्याला ओट्यावर बसवला, पानी दिलं, प्रश्न विचारले, तर तो निघाला नानांच्या आतेबहिनीच्या दिराचा नातू. जाताना चोरलेला फनस तर त्याने नेलाच, वर नानांनी आनखी दोन त्याच्या खांद्यावर दिले आनि मला बोलले, "पोराला कापा फनस आवडतो वाटतं." पोलादपूरला पोरीला इंजेक्शन द्यायला नेली तर डॉक्टरांच्या मावशीचं सासर विचारत बसले. डॉक्टर हातात सुई धरून उभे, पोरगी रडतेय, मागं लाईन लागलेली, आनि नाना बोलतात, "थांबा थांबा, म्हंजे तुम्ही माझे भाचेच की वो!"

गाडी पन तशीच घेतली. आमचं सगळं ठरलेलं की एक जुनी गाडी घ्यायची, मिस्टर मुंबई सोडून येनार, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला पाशिंजर नेनार आनि रोज संध्याकाळी घरी जेवनार. पोरीने बाप नीट बघितलेलाच नाय, सनासुदीला येतो आनि ती ओळखायला लागली की निघतो. मला दुसरं काय नको होतं. महाडाला एक जन आठ सीटची पांढरी गाडी विकतोय असं कळलं. मी नानांना हजारदा सांगितलं, नाना, कागद बघा, गाडीवर काय हाय का नाय ते विचारा. नाना गेले, आनि तिसऱ्या प्रश्नाला तो मानूस नानांच्या वारलेल्या बायकोच्या मावसबहिनीचा जावई निघाला. शिवथरची ती मावसबहीन. झालं! जावयाला कागद विचारतात का कोन? नानांनी उलट त्यालाच टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, आनि माझ्या खात्यातले पैसे माझ्याकडून त्याच्या खात्यात टाकून घेतले. जावई स्वतः गाडी वाडीत आनून सोडून गेला, मी त्याला पोळ्या करून वाढल्या. मी बोलली, नाना, कागद? तर नाना माझ्यावरच उखडले. "जावयाला असं विचारलं तर उद्या शिवथरला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची नाय गो!"

तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगावर कळ्या लावल्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. नानांनी हात जोडून विचारलं, "आये, ही गाडी घाटात दम टाकनार नाय ना?" उजवी कळी टपकन पडली. नंतर एवढा गोंधळ झाला तरी नाना देवीला बोल लावू देत नायत. "देवी कुठं खोटं बोलली? गाडीनं घाटात दम टाकला काय? आपनच विचारायला कमी पडलो."

मिस्टरांच्या शेटने दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत थांब सांगितलेलं, म्हनून गाडी अंगनात नुसती उभी. पन नाना तिला रिकामी ठेवतात होय? सकाळचा चहा गाडीत, दाढी गाडीच्या आरशात. मला आनि पोरीला मागं बसवायचे, पोरीला घाटाची सवय व्हावी म्हनून. उभ्या गाडीत नाना बोलायचे, "आता आंबेनळी लागली, खिडकी उघडा, कोनाला मळमळतंय काय?" आनि खरं सांगते, मला मळमळायचं.

त्या दिवशी आम्ही असंच बसलेलो, चावी गाडीलाच लावलेली, आनि ही मानसं आली. स्टेअरिंगवाला महाडाकडचाच होता, पन नानांना त्याने गाव काय सांगितलं नाय. बोलला, "काका, प्लीज उतरा ना, मला त्रास नका देऊ." नाना बोलले, "गाडी न्यायची तर न्या बाबा, तुमचं काम हाय. पन आम्ही उतरनार नाय. आपल्या पायाने उतरलो म्हंजे आम्ही गाडी सोडली असं व्हईल." मी रडत बोलली, "नाना, चला ना उतरू, मला भीती वाटते." "घाबरतेस काय गो? महाडाला तसं पन जायचंच होतं, तुझ्या दळनाच्या चाळन्या आनायच्या हायेत."

म्हाताऱ्याला आनि बाळंतिनीसारख्या दिसनाऱ्या बाईला ओढून कसं काढनार? शेवटी ते आम्हाला गाडीसकट घेऊन निघाले. पोलादपूरच्या वळनाला पोरगी त्या स्टेअरिंगवाल्याच्या कॉलरवर भडभडून ओकली. नाना बोलले, "बघ, सवय कमी पडली."

महाडाला जप्त केलेल्या गाड्यांचं एक मोठं आवार होतं, पत्र्याचं कुंपन, आत धूळ खात उभ्या गाड्या. तिथं पन नाना पट्टा सोडेनात. तिथले साहेब शिकलेले, गोड बोलनारे. "काका, आत ऑफिसात बसा, पंखा आहे." नाना बोलले, "ह्याच्यात एसी हाय." वॉचमन चहा घेऊन आला आनि अर्ध्या तासात नानांना मामा बोलायला लागला. मी पाठच्या सीटवर पोरीला पाजत बसलेली, डोक्यात एकच, गाडी गेली, पैसे गेले, आता मिस्टर कसले येतात. नानांनी माझा मोबाईल मागितला आनि शिवथरला मावसबहिनीला फोन लावला. तक्रार एका शब्दाने केली नाय. एवढंच बोलले, "आक्का, जावयाच्या गाडीत बसलोय. गाडी जप्तीत हाय. नाय नाय, जेवलो नाय अजून."

दुपार कलायच्या आत जावई हजर! सासूने काय सुनावलं देव जाने, पोराचा चेहरा पांढराफटक. सोबत बायको, तिच्या कडेवर तान्हं. नाना तेव्हा पहिल्यांदा गाडीतून उतरले, का तर जावईबापूंना खुर्ची द्यायला. साहेब कपाळावर हात मारून बोलले, "अहो काका, यानं तुम्हाला फसवलंय!"

"फसवलंय ते फसवलंय, पन जावई हाय."

जावई हात जोडून बोलला, "नाना, मी सांगनार होतो, पन तुम्ही टॉवेल-टोपी दिलीत, मग तोंडच उघडलं नाय." पुरात त्याचं मोबाईलचं दुकान गेलेलं, तेव्हापासून हप्ते थकलेले. नाना मान हलवून बोलले, "बरोबर हाय. टोपी घातल्यावर कोन बोलेल?"

साहेबांनी दोन रस्ते सांगितले. एक तर पोलिसात तक्रार द्या, हा आत जाईल, पन केस संपेपर्यंत गाडी पन अडकून पडेल. नायतर थकलेले हप्ते आज भरा, पुढचे महिन्याच्या महिन्याला भरा आनि गाडी न्या. नानांनी डोळे मिटले. मग बोलले, "तिसरा हाय. थकलेले जावई भरतील, आमच्याच पैशातले उरले असतील त्यातून. आनि गाडी पन तेच चालवतील. आंबेनळीत पाशिंजर मारायचं, कमाई हप्त्याला. कर्ज फिटलं की गाडी आमची."

मी मिस्टरांना फोनवर सगळं सांगितलं तर ते एवढे ओरडले की वॉचमनला पन ऐकू गेलं. "ज्याने फसवलं त्याच्याच हातात चावी? सही कर तक्रारीवर! आनि कर्ज फिटेपर्यंत मी काय करू, इथंच राहू?" पैसे माझ्या खात्यातले, म्हनून सही माझी लागनार होती. तक्रारीचा कागद समोर, पेन माझ्या हातात. मी सातवी शिकलेली, सही करायला पन वेळ लागतो. जावयाची बायको माझ्याच वयाची, खाली बघत उभी, तान्हं तिचा पदर ओढतंय. नाना बोलले, "सूनबाई, तुझा नवरा, तुझे पैसे. मी काय बोलनार नाय." नाना काय बोलनार नाय असं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मी पेन खाली ठेवलं.

जावयाचा अजून एक पन हप्ता चुकलेला नाय. खोटं कशाला बोलू, मानूस कष्टाळू हाय. नाना रोज त्याच्या बाजूला बसून महाबळेश्वरला जातात आनि पाशिंजरांचं डोकं खातात. मिस्टर मुंबईलाच. आनि संध्याकाळी गाडी अंगनात आली की माझी पोरगी चप्पल न घालता धावत सुटते आनि गाडीतून उतरनाऱ्या त्या मानसाला "बाबा" बोलते. तो मान खाली घालून पाय धुवायला जातो. नाना पोरीला उचलतात, तिला कायतरी सांगायला तोंड उघडतात आनि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत तसेच उभे राहतात. मी दारातनं बघते. मिस्टरांना हे मी फोनवर अजून सांगितलेलं नाय. तुम्हीच सांगा, त्या दिवशी तिथं माझ्या जागी तुम्ही असता, पेन तुमच्या हातात असतं, तर तुम्ही काय केलं असतं?