शेजारी राहायला गेलेले देव

सकाळी उठल्यावर दोन मिनिटं शांत बसावं, देवाचं नाव घ्यावं, दिवस चांगला जातो, असं त्या उन्हाळ्यात मला इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी शेवटी मला शांततेचाच राग यायला लागला होता. माझ्या मुलीनं बंगलोरहून ध्यानाचं ॲप पाठवलं. ती लहानपणापासून हिंदीतच बोलते. म्हणाली, "मम्मी, बस दस मिनट. सिर्फ अपने लिए." मी म्हटलं, बाई गं, दहा मिनिटं कशीही काढीन, पण ज्या बाईसाठी काढायची ती आता घरात राहते कुठं? मुलीनं फोन ठेवून दिला. मग मलाच वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा पुन्हा राग आला. तेव्हा माझं सगळं असंच चाललं होतं.

माझे यजमान त्या उन्हाळ्यात गेले. आजार नाही, दवाखाना नाही, दुपारी जेवून पलंगावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या घरात मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच राहिलो. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या वर्ध्याकडच्या, सून म्हणून रायपूरला आल्या तरी बोली तिकडचीच ठेवली. मी सरकारी कचेरीत बाबू. राजधानी झाल्यावर कचेरी नवा रायपूरला गेली, तेव्हापासून माझा दिवस स्टाफ बसच्या हाती. सकाळी आईंचं अंग पुसा, चादर बदला, औषध द्या, डबा भरा, पळत बस पकडा. तेलीबांध्याचा तलाव खिडकीतून मागे गेला की डोळे मिटत, आणि संध्याकाळी तोच तलाव उलट्या बाजूनं आला की पुन्हा घरच्या कामाची धास्ती. माणूस गेल्यावर रडायला तरी वेळ मिळतो म्हणतात. मला मेला तोही मिळाला नाही.

आमच्या घरी देव म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. सासरच्या कुळदैवतांचे चांदीचे टाक, एक गणपती, आणि लग्नात माझ्या आईनं दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. पूजा यजमान करायचे. नैवेद्य माझा. रोजच्याच स्वयंपाकातलं थोडं वाटीत काढायचं, देवांपुढे ठेवायचं, पाणी फिरवायचं, झालं. आई मात्र नैवेद्य होईपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत. सून म्हणून आल्या तेव्हापासूनची सवय. आजारी असल्या तरी पलंगावरून विचारायच्या, "झाला काय वो नैवेद्य?" मी स्वयंपाकघरातून "झाला" म्हटलं की मग हात पुढे करायच्या. कित्येक वर्षं हा एक शब्द मी रोज कंटाळून म्हणत आले.

घरात सुतक आलं की घरच्यांनी देवांना हात लावायचा नसतो, म्हणून आम्ही देव शेजारच्या दीदीकडे दिले. दीदी इथलीच, छत्तीसगढी, साठीची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. तिनं आनंदानं पदरात घेतले. तेरावं झाल्यावर, देव परत आणू का, असं ती विचारायला आली, "भाभी, भगवान मन ला ले आनंव?" मी म्हटलं, राहू द्या अजून थोडे दिवस. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पुन्हा मी तेच सांगितलं. खरं सांगायचं तर मला ते घरात नको होते. पूजा करणाऱ्याला भर दुपारी उचलून नेलं, आणि आता मी यांना आंघोळी घालू? चंदन लावू? मी देवाशी भांडलेसुद्धा नाही. भांडायला जोर लागतो. मी नुसती पाठ फिरवली.

इकडे आईंचं खाणं सुटत चाललं. आधी पोळी सोडली, मग भात, मग नुसतं वरणाचं पाणी. समोर ताट ठेवलं की दोन घास घ्यायच्या, तेही माझ्या समाधानासाठी, आणि तोंड फिरवायच्या. मुलगा गेलेली म्हातारी, खाणार कशी, असं मीही समजले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. भुकेचं सिरप दिलं. श्रावण येईपर्यंत त्यांची बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, असंच राहिलं तर फार दिवस नाहीत, मनाची तयारी ठेवा. मी मान हलवली आणि पहिल्यांदा मनात काय आलं असेल? की रजा उरली आहे का. इतकी मी आटले होते. आईंवर माझा जीव होता, नव्हता असं नाही. पण जीव असून तो लावायला ताकद नव्हती. मी त्यांना ओरडायचेसुद्धा. "आई, काहून जीव घेऊन राहिल्या माहा? खा न दोन घास!"

मग तीजा आली. आपल्याकडे हरतालिका असते तेव्हाच. इथल्या बायका या सणाला माहेरी जातात, वय कितीही असो. भाऊ न्यायला येतो, आणि साठीची बाईसुद्धा नवरीसारखी निघते. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते, केसांना पिन लावत होते, आणि दीदी दार ढकलून थेट आईंच्या खोलीत. हातात पितळेची परात, परातीत माझे देव, वर झाकलेला तिचा धुतलेला टॉवेल.

"ए ले भाभी, तोर भगवान मन ला. मोर भाई आ गे हे तीजा बर."

मी म्हटलं, "दीदी, आज? अभी? मेरी बस छूट जाएगी."

"त का करंव? घर म ताला लगही. आज अभी ले कुछू नइ खाय हें, भूखे झन राखबे." देवांना उपाशी ठेवू नकोस, असं बजावून तिनं आईंच्या उशाशी, औषधांच्या स्टुलावर परात ठेवली. मी विचारायचं म्हणून विचारलं, नैवेद्य काय देत होतीस? ती म्हणाली, "जउन हमन खाथन. बासी."

म्हणजे ते स्वतः खातात तेच. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ घालून खायचा. इथं घरोघरी तेच खातात, आणि सोबत कच्चा कांदा, त्याला ते गोंदली म्हणतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्याज के साथ?" दीदी दारातून वळून म्हणाली, "अई, गोंदली बिना बासी कइसे मिठाही?" आणि गेली. बाहेर तिच्या भावाची मोटरसायकल सुरू झाली.

आई पलंगावरून म्हणाल्या, "काय म्हंते वो ते?"

"म्हणते, देवायले रोज शिळा भात चारून राहिली होती. कांद्यासंगं."

"कांद्यासंगं?"

"हो."

आईंचं अंग हलायला लागलं. मला वाटलं खोकला आला. पाणी घेऊन धावले तर त्या हसत होत्या. दात नसलेलं तोंड उघडून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. यजमान गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. "माह्या सोवळ्याच्या देवायले कांदा चारला वो तिनं," म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग दम लागला. मग परातीकडे बघत म्हणाल्या, "आता इथं काय देशीन त्यायले?"

मला त्या क्षणी इतका संताप आला की सांगता येत नाही. एक तर बस जाणार, त्यात हे. "माह्याजवळ काई नाही," मी म्हटलं, "रात्रीचा भात हाय, डब्यासाठी ठेवला होता."

"देवाले शिळं?"

"चार महिने शिळंच खाऊन राहिले न! आता काय नखरे त्यायचे?"

मी तणतणत गेले, वाटीत भात काढला, वर दही ओतलं, मीठ टाकलं. दिवा नाही, फूल नाही, देवांना साधं पाणीसुद्धा घातलं नाही. सिरपची बाटली बाजूला सारली आणि वाटी आपटली अन्नपूर्णेसमोर. हात मात्र सवयीनं ओला झाला आणि वाटीभोवती पाणी फिरवून गेला. माझं मन तिथं नव्हतं, हातच ते करून मोकळा झाला. आणि मग मी बोलले. मोठ्यानं की मनात, आठवत नाही. घ्या. एवढंच आहे माझ्याजवळ. भक्ती नाही, श्रद्धा नाही, डब्यातला भात आहे. माझ्यानं आता काही होत नाही. या म्हातारीचं तुम्हीच बघा, माझं तुम्हीच बघा, नाहीतर बसा तुम्हीही उपाशी. एवढं झालं आणि मी त्या स्टुलाजवळ जमिनीवर बसून ढसाढसा रडले. यजमानांसाठी मी तोवर अशी रडले नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. गल्लीच्या तोंडाशी बसचा हॉर्न वाजून गेला. आणि पलंगावरून आवाज आला, "झाला काय वो नैवेद्य?"

मी नाक पुसत म्हटलं, "झाला."

"मंग दे मले."

मी वाटी दिली. आईंनी ती दोन्ही हातांत धरली, माझ्या हातानं भरवून घेतलं नाही. सावकाश, एकेक घास करत सगळा भात खाल्ला. बोटानं वाटी निपटली. मग म्हणाल्या, "अजून हाय काय?" डब्यातला उरलेला भात मी त्यांना दिला. त्या दिवशी कचेरीत गेलेच नाही. आईंच्या पायाशी बसून राहिले आणि तिथंच झोप लागली.

यात चमत्कार काय, असं कोणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. डॉक्टर म्हणाले, सिरप लागू पडलं. मी हो म्हटलं. हळूहळू आई उठून बसायला लागल्या. आता त्या भिंतीला धरून अंगणापर्यंत येतात. मी अजूनही थकते. बस तीच, तलाव तोच, कचेरीतले साहेब तसेच कटकटे. पण सकाळी एक वाटी देवांपुढे ठेवते. कधी वरणभात, कधी पोहे, फार घाई असेल तर गूळ. कधी मन असतं, कधी नसतं. पूर्वी वाटायचं, मन शुद्ध झालं की मग देवाजवळ जावं. आता वाटतं, तशी वाट बघत बसले असते तर अजून बसूनच असते. वाटी ठेवताना आपण जसे असू तसे दिसतो, चिडके, दमलेले, रडके. तेवढे दोन क्षण मला कोणासाठी शहाणं व्हावं लागत नाही. ॲपमधली ती दहा मिनिटं हीच असतील कदाचित, माझ्याकडे ती भातावरून आली.

पुढे एका रविवारी मी आणि आई अंगणात लाल भाजी निवडत होतो. मी सहज विचारलं, "आई, नैवेद्य नव्हता म्हणून तुम्ही जेवत नव्हत्या काय?"

त्या म्हणाल्या, "भूक बी मेलीच होती वो. पोरगा गेला न माहा." मग थोडं थांबून, "पन नैवेद्याचं बी होतं."

"मंग सांगतलं काहून नाही? रोज एक वाटी ठेवली असती मी!"

"ठेवली असती," आई म्हणाल्या. "तोंड वाकडं करून ठेवली असती माह्यासाठी. माह्यं पोट भरलं असतं. तुह्यं काय झालं असतं?"

मी खाली मान घालून देठ मोडत राहिले. चार महिने मी देवाकडे पाठ करून बसले होते, हा माझ्याकडे बघतही नाही म्हणून. आणि माझ्याच घरात, हाताच्या अंतरावर, कोणीतरी माझी वाट बघत उपाशी पडून होतं.