गाठोडं सोडून बघणारी अक्का

आमची अक्का गेली त्याला परवा दोन महिने झाले. भेटायला येतो तो म्हणतो, मायाळू होती हो. होतीच. पण मायाळू बायका घरोघरी असतात. अक्का काय होती ते फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी तिला नुसती म्हातारपणी खाटेवर बघितली त्यांना तर मुळीच नाही. म्हणून हे.

अक्का इस्पितळात लागली ती चादरींच्या खोलीत. धोब्याकडून गाठोडी यायची, वर चिठ्ठी, पन्नास नग. बाकीच्या बायका चिठ्ठी बघून सही ठोकायच्या. अक्का गाठोडं सोडायची. पन्नासात नऊ फाटक्या निघायच्या, दोन भलत्याच इस्पितळाच्या. धोबी रुसायचा, म्हणायचा, अक्का, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही. अक्का म्हणायची, तुझ्यावर आहे रे बाबा, गाठोड्यावर नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, शिडी चढवेना, तेव्हा तिला सर्व्हरच्या खोलीत टाकलं. टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं, अडगळ ठेवतात तसं. कपाटाएवढं मशीन, दिवसभर त्याची घरघर, आणि खोली अशी गार की भर उन्हाळ्यात अक्का स्वेटर घालून बसायची. काम काय, तर फडकं मारायचं, एसीचं पाणी गळतंय का बघायचं, आणि रोज संध्याकाळी एक टेप काढून दुसरी घालायची. सगळ्या पेशंटांची माहिती त्या टेपवर उतरून यायची, म्हणजे उद्या मशीन बसलं तर टेपवरून परत आणता यावी. अक्काची शाळा चौथीपर्यंत. कॉम्प्युटरच्या हेडने तिला एकदा करून दाखवलं, झालं.

तिसऱ्याच दिवशी अक्काने हेडला विचारलं, साहेब, ही टेप भरली हे कशावरून? तो म्हणाला, पडद्यावर येतं ना, यशस्वी म्हणून. अक्का म्हणाली, चिठ्ठीवर पन्नासपण लिहिलेलंच असतं.

मग काय, बसली त्याच्या मानगुटीवर. शेवटी कटकट नको म्हणून त्याने भंगारातलं एक मशीन तिला जोडून दिलं. दर गुरुवारी अक्का आदल्या दिवसाची टेप त्यात घालायची, कुठल्यातरी एका पेशंटची फाइल उघडायची आणि कागदाशी ताडून बघायची. हेड चिडवायचा, अक्का, मशीनलापण घड्या घालता का? ती म्हणायची, घडीत फाटकं दिसत नाही साहेब, सोडल्यावर दिसतं. दोन वर्षांत तिने अकरा टेपा बाद केल्या. त्या अकराही टेपांवर पडदा यशस्वीच म्हणाला होता.

आणि टेपा त्या खोलीत ठेवायच्या नाहीत, हा तिचा आणखी एक हेका. मशीन जळलं तर शेजारची टेप काय वाचणार आहे? म्हणून पत्र्याच्या डब्यात घालून पटांगण ओलांडून जुन्या चादरींच्या खोलीत नेऊन ठेवायची. वॉचमन हसायचा, निघाली अक्का इस्पितळ डब्यात भरून.

पण माणूस म्हटलं की चूक आली. मशीनला समोरून आठ खण होते, एकेका खणात एकेक डिस्क. सगळी माहिती त्या आठांत वाटून ठेवलेली. अक्काने काय करावं, तर चादरींच्या मांडणीला लावायची तसे एक ते आठ आकडे मोठ्या अक्षरात लिहून खणांवर चिकटवले. हेडही म्हणाला, छान दिसतंय. मशीन आपले खण शून्यापासून मोजतं हे तिला काय ठाऊक? आणि प्रत्येक खणाचा इवलासा दिवा नेमका त्या कागदाखाली झाकला गेला.

एका शुक्रवारी सकाळी पडद्यावर आलं, तीन नंबरची डिस्क गेली. कुणी घाबरलं नाही. एक गेली तर उरलेल्या सात सांभाळून घेतात, त्यासाठीच ते मशीन घेतलेलं. कंपनीचा माणूस नवी डिस्क घेऊन आला, पडद्यावर तीन बघितलं, कागदावर तीन बघितलं आणि खण ओढला. मशीनचं तीन म्हणजे कागदावरचं चार. त्याने धडधाकट डिस्क उपसली. एक आधीच मेलेली, एक ही काढलेली, आणि मशीन बसलं. परत आत घातली तरी ढिम्म.

त्या मशीनवर किरणांचा शेक घेणाऱ्यांचा सगळा हिशोब होता. सदतीस माणसं, कुणाला गळ्यात गाठ, कुणाला छातीत. प्रत्येकाला पंचवीस-तीस वेळा यावं लागतं. कुठून शेक द्यायचा, किती द्यायचा, किती झाला, सगळं आत. जास्त गेला तर माणूस भाजतो, कमी गेला तर गाठ राहते. आणि ती सदतीस माणसं बाहेर बाकांवर येऊन बसायला लागली होती.

हेड म्हणाला, घाबरू नका, दुसऱ्या मशीनवर दर तासाला नक्कल जाते. उघडलं. सदतीस नावांचे सदतीस कप्पे, सगळे रिकामे. वर्षभर रोज यशस्वी, आणि एकदाही कुणी आत डोकावलं नव्हतं. कंपनीचा माणूस पुटपुटला, डिस्क बाहेर पाठवू, तीन आठवड्यांत काहीतरी मिळेल. शेकाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर खंड पडला तरी केलेलं मातीत जाईल, आणि अंदाजाने मी कुणालाही द्यायची नाही.

अक्का कोपऱ्यात उभी होती. कंपनीचा माणूस आता शून्यापासून खण मोजून बघत होता; तिची नजर आपल्या कागदावर गेली आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. गप्प राहिली असती तर कुणी तिला विचारलंही नसतं.

"साहेब, तो आकडा मी चिकटवलाय," ती म्हणाली. "त्यांनी तो वाचून खण काढला. चूक माझी आहे, ती नंतर लिहून घ्या. आधी मी डबा आणते."

त्या गुडघ्यांनी ती पटांगण ओलांडून गेली आणि आली. हेडने टेप घ्यायला हात पुढे केला तर हिने दिली नाही. म्हणाली, बुधवारची मी काल उघडून बघितलीय, ती चांगली आहे. ही कालची, ही अजून सोडलेली नाही. आधी माझ्या भंगारात घालू.

घातली. दहा मिनिटांनी फाइल उघडली आणि डॉक्टरीणबाईंनी आकडे वाचले, सगळे जागच्या जागी. हेड खुर्चीत बसलाच.

मग ज्याने खण ओढला होता तोच माणूस मान खाली घालून दुसरं मशीन तयार करायला लागला, आणि दोनच्या सुमाराला सगळी माहिती त्यावर आली. हेड म्हणाला, चला, करा सुरू. अक्का म्हणाली, कुठे सुरू? गाठोडं आलंय, सोडायचंय अजून.

तिने बाकांवरच्या लोकांना एकेक करून आत बोलावलं. बाई, तुमचे किती झाले? एकोणीस. पडद्यावर? एकोणीस. तुमचे? सात. सातच. कुणी कार्ड दाखवत होतं, कुणी बोटं मोजत होतं. एक म्हातारबुवा ठामपणे म्हणाले, बारा. पडदा म्हणाला अकरा. तेवढ्यात त्यांची बायको मागून म्हणाली, "मंगळवारी तुम्ही झोपून राहिलात, आलो कुठे होतो आपण? मशीनला कशाला खोटं पाडताय?" हशा पिकला, सकाळपासूनचा पहिला. मग तर दारातले लोकच आकडा जुळला की बरोबर म्हणून ओरडायला लागले. सदतीसपैकी सदतीस जुळले.

तीनला पहिली बाई आत गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, आज कुणालाही परत पाठवायचं नाही, उशीर झाला तर होऊ दे. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी अक्काला बोलावलं, ती गेली नाही, सगळे होऊ देत म्हणाली. कागदाची चूक हेडने लिहून घेतली, ती तिनेच लिहायला लावली. त्याखाली त्याने आपलीही लिहिली, की एकदा तरी उघडून बघायला हवं होतं.

रात्री उशिरा सर्व्हरच्या खोलीतला फोन वाजला. शेक देणारी बाई एवढंच म्हणाली, "अक्का, सदतीस."

अक्का म्हणाली, "ऐकलं." फोन ठेवला, आणि सकाळपासून उभी होती ती पहिल्यांदा स्टुलावर टेकली.