साडभाऊंनी लायब्ररी उजवली

आमच्या साडभाऊंइतकी भविष्याची काळजी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. फक्त ते भविष्य स्वतःचं नसतं. अमरावतीला तंत्रनिकेतनात शिकवता शिकवता त्यांनी फाइल सिस्टीमची एक लायब्ररी लिहिली. म्हणजे संगणकात फाइल कुठे ठेवायची, मागितली की कशी शोधून द्यायची, याचं तयार सामान. ते जगात कुणीही फुकट न्यावं, सुधारणा सुचवाव्यात, आणि त्या घ्यायच्या की नाही हे साडभाऊंनी ठरवावं. लग्नात अक्षता पडत असतानाही हे मांडवाच्या खांबाला टेकून पुढच्या आवृत्तीचा बेत आखणार. एकदा पंगतीत वाढप्यानं वरण पुढे केलं, तर म्हणाले, "आता नाई, पुढच्या आवृत्तीत." घराचं छत मात्र दर पावसाळ्यात गळतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, विषय काढला की उत्तर ठरलेलं, "हे झालं की घेतो ना कराले."

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. मी अकोल्याहून धावत दवाखान्यात पोहोचलो, तर नाकात नळी घातलेला हा गृहस्थ मला विचारतो, "मी गेलो तं लायब्ररी कोन पायीन?" मेहुणीनं पदर डोळ्यांना लावला. मी हसत हसत त्यांची चादर नीट केली.

घरी येताच त्यांनी वारस शोधायला घेतला, तोही रीतसर स्थळ पाहावं तसा. फिनलंडच्या एक बाई कित्येक वर्षं सुधारणा पाठवत होत्या. त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं, आणि जाणतं माणूस म्हणून मला शेजारी. संगणकाचे प्रश्न लवकरच आटोपले. मग इंग्रजीतून चौकशी सुरू झाली: घरी कोण कोण, राग येतो का, जेवण वेळेवर होतं का.

"साडभाऊ, आता पत्रिका मागता का?" मी हळूच म्हटलं.

"चूप बसा. पोरगी द्याची हाय."

शेवटी त्यांनी हात जोडून एकच मागणं केलं, लोकांच्या जुन्या फाइली कधी उघडेनाशा होऊ देऊ नका. बाईंनीही पडद्यावर हात जोडले. लायब्ररी त्यांच्या स्वाधीन झाली.

परवा गेलो तर साडभाऊ ओट्यावर बसलेले. आता त्यांनाही चारचौघांसारखी सुधारणा पाठवावी लागते, आणि पहिलीच बाईंनी परत केली होती. अदबीनं लिहिलं होतं, यामुळे जुन्या फाइली उघडणार नाहीत.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. आपलीच पोरगी, अन् आपल्यालेच दारात थांबवलं." मग म्हणाले, "पन बाई पक्की हाय. आता मी नसलो तरी चालते, साडभाऊ."

आम्हाला चालणार नाही, एवढं साधं मी म्हणायला हवं होतं. मेहुणी चहा घेऊन येईपर्यंत मी नुसताच त्यांच्याजवळ बसून राहिलो.